दोन क्लिकमधला वेळ

डाळजमध्ये उत्कर्षाला सगळे कॉम्प्युटरवाली म्हणायचे, आणि या पदवीबरोबर गावाने तिच्या गळ्यात बरीच कामं मारली होती. कुणाचा मोबाईल चालू होईना, कुणाचा पीकविम्याचा अर्ज अर्ध्यात अडकला, कुणाच्या मुलीचा निकाल उघडेना, की चालले उत्कर्षाकडे. ती नोकरीत नक्की करते काय, हे विचारायची मात्र कुणाला कधी गरज वाटली नाही. बारामतीत इंजिनिअरिंग करून ती लोणी देवकरच्या एमआयडीसीत, एका पशुखाद्याच्या कारखान्यात लागली होती. तिथली गोळी पेंड बनवणारी यंत्रं ज्या पडद्यावरून चालतात, तो पडदा तिने बनवला होता. एकटीने.

बनवला म्हणजे अगदी शून्यातून नव्हे. खिडक्या, बटणं, याद्या असं तयार सामान देणारी टूलकिट असते. ते सामान घ्यायचं आणि आपल्या कामापुरतं मांडायचं. त्यातली एक सोय तिला फार आवडायची. अख्ख्या प्रोग्रॅमला लागू होणारी सेटिंग्ज एकाच जागी असतात. अक्षर केवढं, रंग कुठला, कर्सर किती वेगाने लुकलुकावा. तिथं एक आकडा बदलला की चाळीसच्या चाळीस खिडक्या मुकाट ऐकतात. व्यवस्थापक विजयसिंह साहेबांनी एकदा अक्षर मोठं करायला सांगितलं. त्यांना वाटलं, आठवडा जाईल. तिने चहा येईपर्यंत करून दाखवलं. घरात काय आणि कारखान्यात काय, एका शब्दात तिचं ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा या सोयीचा तिला जरा गर्वच होता म्हणा ना.

पहिल्या पाळीचे ऑपरेटर संभाजीतात्या शेळगावचे. कारखान्याचा पाया खणला तेव्हापासूनचे. आधी चाकं फिरवून व्हॉल्व्ह उघडायचे, पुढे बटणं आली, मग हा पडदा आला. तात्या प्रत्येक वेळी नवं शिकले आणि त्याच खुर्चीत राहिले. मिक्सरच्या नुसत्या आवाजावरून ते आतला माल ओला की कोरडा सांगत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तात्यांकडून चूक होऊ शकते, असं त्या कारखान्यात कुणाच्या डोक्यातही येत नसे.

म्हणूनच त्यांनी माऊस खराब झाल्याची तक्रार केली, तेव्हा उत्कर्षाने निमूट नवा माऊस नेऊन दिला. दोन दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. मग ती शेजारी स्टूल घेऊन बसली. व्हॉल्व्हच्या चित्रावर एकदा क्लिक केलं की त्याची माहिती दिसायची, पुन्हा एकदा केलं की मिटायची. आणि लागोपाठ दोनदा, म्हणजे डबल क्लिक केलं, तरच व्हॉल्व्ह उघडायचा. चुकून धक्का लागून काही उघडू नये म्हणून साहेबांनी ते तसं मागून घेतलं होतं. तात्या डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरत होते. एक क्लिक व्हायचं, बोट थरथरत वर जायचं, आणि दुसरं पडेपर्यंत वेळ टळून गेलेली असायची. सहाव्या खेपेला व्हॉल्व्ह उघडला. कपाळावरचा घाम त्यांनी बाहीने पुसला आणि दार लोटलेलं आहे ना, ते मागे वळून पाहिलं.

"माऊस चांगला हाय, पोरी," ते म्हणाले. "हातच ऱ्हात न्हाय. कुनाला बोलू नको. कळलं तर ह्या खुर्चीत एक दिस ठेवायचे न्हायीत मला."

ती कुणाला बोलली नाही. त्या दुपारी तिने सेटिंग्जची फाईल उघडली. दोन क्लिकमध्ये किती वेळ गेला तरी ते डबल क्लिक धरायचं, याचा आकडा टूलकिटने चारशे ठेवला होता, चारशे मिलिसेकंद. अर्ध्या सेकंदाहूनही कमी. तिने तिथं बाराशे लिहिले, शेजारी एक ओळ खरडली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. दुसऱ्या दिवशी तात्यांचा व्हॉल्व्ह पहिल्या खेपेला उघडला. जाताना त्यांनी तिच्या टेबलावर घरच्या पेरूंची पिशवी ठेवली. डाळजला पोचेपर्यंत उत्कर्षा स्कूटीवर गाणं म्हणत होती.

पण जे सगळ्यांना लागू, ते सगळ्यांना लागू. तोच प्रोग्रॅम तिन्ही पाळ्या वापरत होत्या आणि बाराशे आता सगळ्यांचेच झाले होते. आठ दिवस काही घडलं नाही, कारण बाकीचे ऑपरेटर माहिती उघडून निवांत वाचत बसायचे आणि मग मिटायचे. दुसऱ्या पाळीचा यशराज मात्र हातघाईचा. त्याने मळीच्या टाकीचा व्हॉल्व्ह क्लिक केला, तापमानावर नजर टाकली आणि सेकंदाच्या आत माहिती मिटायला पुन्हा क्लिक केलं. प्रोग्रॅमने ते डबल क्लिक धरलं. भरलेल्या मिक्सरमध्ये मळी पडत राहिली. माल चिखलासारखा झाला, पाती अडकली, आणि पुढचा अख्खा दिवस माणसं फावड्याने मिक्सर खरवडत होती.

यशराज शपथा घेऊन सांगत होता की त्याने व्हॉल्व्ह उघडलाच नाही. प्रोग्रॅमच्या नोंदीत मात्र त्याचंच नाव होतं. त्याला घरी बसवायचं ठरत होतं. उत्कर्षा हे ऐकत उभी होती. गप्प राहिलं तर यशराज जातो, बोललं तर तात्या जातात. शेवटी तिने मधली वाट काढली. ती साहेबांना म्हणाली की चूक तिची आहे, सेटिंग तपासताना तिच्याकडून आकडा बदलला गेला आणि परत करायचा राहिला. कान तिचे धरा. हे खोटं तिने उभ्या उभ्या मनात घोकलं होतं आणि ते चांगलं वठलंही.

साहेब म्हणाले, काय बदललंस ते दाखव. तिने फाईल उघडली. आकड्याशेजारी तिनेच मराठीत लिहिलेली ओळ होती, आणि ती तिच्या ध्यानातून साफ गेली होती. साहेबांनी ती मोठ्याने वाचली.

"संभाजीतात्यांच्या हातासाठी. कुणी कमी करू नये."

खोलीत पाच माणसं होती. तात्या दाराशी उभे होते. त्यांनी उजवा हात पाठीमागे नेला.

मग उत्कर्षाने जे आधी करायचं, ते केलं. टूलकिटची माहितीपुस्तिका नीट वाचली. सेटिंग प्रोग्रॅम चालू असतानाही बदलता येत होतं. म्हणजे ज्याची पाळी, त्याच्या नावाने त्याचा आकडा. तात्या आले की बाराशे, यशराज आला की चारशे. सगळं मिळून चार ओळींचं काम. आठ दिवसांपूर्वी तिने एवढं वाचलं असतं तर आजही कुणाला काही कळलं नसतं. त्या पहिल्या आकड्याच्या खुशीत ती गाणं म्हणत घरी गेली होती, या विचाराने तिला स्वतःची किळस आली.

तिने ते साहेबांना करून दाखवलं. विजयसिंह साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर तिला निदान चिडता तरी आलं असतं. त्यांनी सगळं पाहिलं, दोनदा करून घेतलं.

"बरोबर चालतंय गं," ते म्हणाले. "पण आता मला माहीत झालंय ना. उद्या मिक्सरमध्ये माणूस सफाईला उतरलेला असताना तात्यांचा हात हलला, तर मी त्याच्या घरच्यांना काय सांगू?"

तिने फाईल बंद केली.

तात्यांना गेटवर बसवलं. साहेबांना वाटलं, सोपं काम आहे, बसून करायचं. आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर आणि माणसांच्या वेळा एका रजिस्टरात लिहायच्या. लिहायच्या, पेनाने, हे त्यांना सुचलंच नाही. तात्याही बोलले नाहीत. कंट्रोल रूमच्या बंद दारामागे जे एका मुलीने पाहिलं होतं, ते आता प्रत्येक ड्रायव्हर खिडकीत वाकून पाहत होता.

पहिले काही दिवस उत्कर्षा मान खाली घालून गेटमधून जायची. पुढच्या सोमवारी ती थांबली. रजिस्टर उघडं होतं. पानावरची प्रत्येक ओळ वेगळ्या अक्षरात होती. ज्याची गाडी, त्याच्याकडून तात्या नंबर लिहून घेत होते. वरच्या दोनच ओळी त्यांच्या असाव्यात. त्या वाचता येत नव्हत्या.

"तात्या," ती म्हणाली.

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. हिशोब न लागणाऱ्या गोष्टीकडे माणूस पाहतो तसं.

"तू कुनाला बोलली न्हाईस, हे मला ठावं हाय," ते म्हणाले. "मग तितं माझं नाव कशाला लिव्हलंस?"

"माझ्यामागनं दुसरं कुणी आलं आणि आकडा चुकीचा समजून कमी केला, तर," उत्कर्षा म्हणाली. "तुमचं नाव बघितल्यावर कुणी हात लावणार न्हाय, असं वाटलं मला."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तरी तिने घेतल्या असत्या, तिला त्या हव्याच होत्या. मागे एका ट्रकवाल्याने हॉर्न दिला. तात्यांनी दोन्ही हातांनी रजिस्टर तिच्याकडे सरकवलं.

"घे," ते म्हणाले. "तुजी येळ तूच लिव."