तांबड्या पेन्सिलीचे अण्णा

अण्णा वाक्याच्या मध्ये कधी खोकले नाहीत. वाक्य संपेपर्यंत खोकल्याला ताटकळत ठेवायचे आणि मग डाव्या हाताचं बोट वर करायचे. रेडिओ स्टुडिओच्या काचेपलीकडे मी बसलेलो असे. बोट दिसलं की मी माइकची पट्टी खाली ओढायची आणि बासरीचा तुकडा सोडायचा. तेवढ्यात अण्णा लालबुंद होऊन खोकून घेत, पंप ओढत, घोटभर कोमट पाणी पीत आणि मान हलवत. पट्टी पुन्हा वर. "तर धायरीच्या सुमनताई विचारतात..." बारा वर्षं हे चाललं. ऐकणाऱ्यांना वाटायचं, काय छान बासरी लावतात!

सकाळचा श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम त्यांचा. फुप्फुसांचं दुखणं जुनं. डॉक्टर त्याचं लांबलचक नाव सांगत. कुणी काळजीच्या सुरात "सिगारेट ओढायचात का हो?" असं विचारलं की अण्णा म्हणत, "छे! मी सायकलवरून रोज अख्खा लक्ष्मी रस्ता ओढला, धुरासकट."

पत्रांवर ते तांबड्या पेन्सिलीनं उभ्या रेघा मारत. रेघ आली की श्वास घ्यायचा. सुरुवातीला दोन ओळींत एखादी रेघ असे. पुढे एकाच ओळीत तीन-तीन झाल्या. मी कागदाकडे बघितलं की ते तो उलटा ठेवत. "दुसऱ्यांची पत्रं वाचू नयेत," असं वर मलाच ऐकवत.

मग कंप्युटर आले. शहरात सगळीकडेच आले होते, आमच्याकडे जरा उशिरा. त्यांच्यापाठोपाठ नवे साहेब आले. त्यांनी एका सकाळी बासरी मोजली. अर्ध्या तासात नऊ वेळा! म्हणाले, "यांना आता थांबवू या." माइक काढून घेतला तर हा माणूस घरात बसून खचेल, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "साहेब, आदल्या दिवशी रेकॉर्ड करू. खोकला मी काढून टाकतो." साहेब कबूल झाले.

आणि मी काढला. एकेक ठसका, एकेक धाप हुडकून कापली. नवं खेळणं हाती आलेलं, हात थांबेनात. साधा श्वाससुद्धा ठेवला नाही. अण्णांना ऐकवलं. हेडफोन खाली ठेवत ते म्हणाले, "उत्तम. या गृहस्थांची तब्येत ठणठणीत दिसते. यांनाच ठेवा." मी हसलो. ते हसले नव्हते, हे घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं. तरी दोन वर्षं ते येत राहिले, जिन्यात तीनदा बसत. मूळ रेकॉर्डिंग मी रोज पुसून टाकत असे. मशीनमध्ये जागाच नसायची, आणि आधीचे थेट कार्यक्रम तर कुणी जपलेच नव्हते.

अण्णा थंडीत गेले. आता मीही थकलोय, पण त्यानंतर महिन्याभरानं सदाशिव पेठेत अण्णांच्या घरी, काकूंकडे गेलो ती दुपार काही डोक्यातून जात नाही. मोठ्या कौतुकानं सीडी करून नेली होती. काकू मांडीवर हात ठेवून ऐकत बसल्या. पाचेक मिनिटांनी म्हणाल्या, "थांबवा हो जरा."

मी थांबवली.

"आवाज यांचाच आहे. पण धाप कुठंय? हे जिना चढायला लागले की मला वरपर्यंत ऐकू यायची. तिच्यावरनं कळायचं, आजचा दिवस कसा गेला ते. तेवढी ऐकायची होती हो. दुसरी नाही का एखादी?"

"नाही काकू," मी म्हणालो. "मशीनच तसं आहे."

खरं सांगायचा धीर झाला नाही. आजही झालेला नाही.

"असू दे," काकू म्हणाल्या. "लावा परत."

मी लावली. अण्णा कुठंही न थांबता बोलत राहिले.