तीन जोड शॉकअप

"चोर! दिवसाढवळ्या चोर! माझे शॉकअप काढून घेतलेस आणि भंगार बसवून दिलंस मला!"

हे मी ओरडत होतो. भोरात, बाजाराच्या दिवशी, मिस्त्रीच्या गॅरेजसमोर, रस्त्याच्या मधोमध उभा राहून. माझा आवाज जन्मजात मोठा आहे. आमच्या विंझरला मी शिंकलो तर राजगडावरची माकडं जागा बदलतात, असं लोक सांगतात. मी स्वतः सांगत नाही, मला वाढवून बोलायची सवय नाही. त्या दिवशी मेथी विकणाऱ्या बाईने जुडी हवेतच धरून ठेवली. थांब्यावरची माणसं उभी एसटी सोडून इकडे आली. पार नदीवरच्या पुलावर लोक कठड्याला टेकून ऐकत होते, असं मागाहून कळलं.

मिस्त्री दारात उभा होता, हातात ग्रीसची चिंधी. आम्ही दोघं सातवीपर्यंत एका बाकावर. माझ्या गाडीला तालुक्यात हात लावायची परवानगी असलेला तो एकटा माणूस.

"झालं काय ते तरी सांगशील, लेका?" तो म्हणाला.

"गाडी ठणठण वाजतीय! सकाळी आणली तेव्हा मुकी होती. तू हात लावलास आणि बोंबलायला लागली. बदललेस शॉकअप!"

आता ही गाडी कुठली ते सांगायला हवं. दोन दारांची, रुंद छातीची, जुन्या जमान्यातली. नाक इतकं लांब की भोरात वळण घेताना शेपूट शेजारच्या उत्रोली गावात असते. इंजिन सुरू केलं की आळीतल्या कोंबड्या दोन दिवस अंडी देत नाहीत, आणि लिटरभर पेट्रोल तर ती नुसती रागवायलाच पिते. पुण्यातल्या एका हौशी म्हाताऱ्याकडून मी ती आणली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते गाडी गेल्याचं की गाडीतून सुटल्याचं, हा संशय माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

संशय हा माझा जुना आजार. दूधवाल्याच्या मापावर संशय, रेडिओवरच्या हवामानावर संशय, आणि बायकोने न मागता चहा दिला तर सर्वांत मोठा संशय.

तर या गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप गेले होते. खड्ड्यात चाक आपटलं की गाडीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, उसळी घेतात, आणि त्या उसळीला धरून खाली बसवायचं काम शॉकअपचं. माझ्या गाडीत धरणारं कोणी उरलं नव्हतं. वेल्ह्याच्या रस्त्याला मागची बाजू अशी उडायची की आरशात कधी आभाळ दिसायचं, कधी तोरणा. त्यावर मी स्वतःच्या डोक्यातून उपाय काढला होता. डिकीत भाताची चार पोती टाकली. बूड जड झालं, उड्या थांबल्या. माझा हा शोध इतका उत्तम होता की मी तो कोणालाच सांगितला नाही. मिस्त्रीला तर नाहीच. उद्या त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डिकीत पोती टाकून स्वतःचं नाव केलं असतं.

पण पोत्यांवर किती दिवस काढणार? दिवाळीनंतर नवे शॉकअप बसवायचे ठरलं. गाडी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, म्हणून जे मिळेल त्यातून निवडायचं. मिस्त्रीने फळीवर तीन जोड मांडले.

पहिला जोड पुण्याच्या जुन्या बाजारातल्या एका दुकानदाराने पाठवलेला, याच गाडीचा म्हणून. मी वास घेऊन बघितला. डिझेलने पुसलेला वाटला. म्हणजे आतून तेल गळत असणार आणि ते लपवायला पुसला असणार. मिस्त्रीने शॉकअप उभा धरून दांडी दाबली, सोडली. दांडी सावकाश, एका चालीने वर आली. "चांगला हाय," तो म्हणाला.

"चांगला आहे तर त्यानं विकला कशाला?"

"दुकानदार हाय तो. विकणार न्हाई तर काय पूजेला लावणार?"

दुसरा जोड माझ्या मेव्हण्याने मोबाईलवरून मागवलेला, गॅसचा, लालभडक. फोटोत तो माझ्या मांडीएवढा दिसत होता. खोक्यातून मनगटाएवढा निघाला. मेव्हणा आणि मोबाईल या दोघांवरही माझा आधीपासूनच विश्वास नव्हता. मिस्त्री म्हणाला, "गॅसचा कडक असतो. तुझ्या गाडीत बसलेल्या माणसाचे दात हलतील." तो जोड बाजूला पडला.

तिसरा जोड एका जीपचा, नवा कोरा, टोकाचे रबरी बुश बदलून बसवण्यासारखा.

मग मिस्त्रीने टेप काढला आणि गाडीखाली सरपटत गेला. गाडी जमिनीवर उभी असताना वरच्या बोल्टापासून खालच्या बोल्टापर्यंत किती अंतर आहे, ते तो मोजत होता. तेवढ्या अंतरात शॉकअप बसून वर आत दबायला आणि बाहेर निघायलाही जागा राहिली पाहिजे, असा हिशोब. मोजून बाहेर आला तो डोकं खाजवत.

"जुन्या बाजारातला जोड लांब पडतोय. जीपचा बरोबर बसतोय."

"बघ! मी म्हणालो नव्हतो? याच गाडीचा म्हणे! फसवतोय तो दुकानदार."

"पण याच गाडीचा दिसतोय रं. खूण तीच हाय." तो दोन पावलं मागे सरकून गाडीकडे बघत राहिला. "गाडी मागं लई बसलीय. डिकीत काय हाय?"

हा प्रश्न माझ्या शोधाच्या थेट मुळाशी होता. मी डिकीवर टेकून उभा राहिलो.

"स्टेपनी."

"उघड की जरा."

"डिकीत बघून तुला काय करायचंय? शॉकअप डिकीत बसतात का?"

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं, मग खांदे उडवले. "पाटे म्हातारे झाले असतील," असं स्वतःशीच म्हणाला आणि जीपचा जोड बसवला. मी त्या पुण्याच्या दुकानदाराला फोन लावून त्याचा जोड परत पाठवतोय हे सांगितलं, आणि सांगताना सात पिढ्यांना पुरेल एवढं बोललो.

गाडी घरी नेली ती जणू लोण्यावरून. गुंजवण्याच्या वाटेवर एक खड्डा आहे, ज्यात पावसाळ्यात लोक गळ टाकून बसतात. त्यातूनही मी गाडी घातली. हूं नाही की चूं नाही.

"चार दिवस चालव आणि ये, नट परत आवळू," असं मिस्त्रीने सांगितलं होतं. म्हणून बाजाराच्या दिवशी भोरला आलो. शॉकअप नवे झाले, आता पोत्यांचं काम काय? वाटेत चारही पोती भाताच्या गिरणीवर उतरवली, तिथून गॅरेजपर्यंतच्या नव्या डांबरावर गाडी मुकीच आली, ती मिस्त्रीकडे लावली, मिसळ खाऊन आलो, चावी घेतली, निघालो. पहिल्याच खड्ड्यात, ठण्! दुसऱ्यात, ठण्ठण्! जणू डिकीत कोणी ऐरणीवर घण घालतंय. मी जागच्या जागी गाडी वळवली आणि येऊन ओरडलो, ते सुरुवातीला सांगितलंच.

"चल," मिस्त्री म्हणाला. "ऐकव आवाज. सगळ्यांसमोर ऐकव."

साक्षीदारांना काय तोटा? तीन जण मागच्या सीटवर बसायला तयार झाले. दोन दारांची गाडी, म्हणून पुढचं सीट वाकवून एकेकाला आत लोटावं लागलं. त्यातला एक उत्रोलीचा शेतकरी तर असा की तो बसला आणि गाडीने आवंढा गिळला. मिस्त्री माझ्या शेजारी बसला. मी मुद्दाम त्याच खड्ड्यांतून गाडी घातली.

गाडी गप्प.

परत फिरवून घातली. गप्प.

"आवाज कुठाय?" उत्रोलीकर मागून म्हणाला. "मला तर डुलकी लागतीय."

"झोपा की पाव्हणं," दुसरा म्हणाला. "पाळण्यात बसवलंय त्यांनी."

मला एका क्षणात कळलं. हे तिघंही फितूर आहेत! मी मिसळ खात होतो तेव्हा मिस्त्रीने यांना चहा पाजला असणार. मी ते तसंच, त्यांना गाडीतून उतरवता उतरवता, चढ्या आवाजात बोलूनही दाखवलं. उत्रोलीकर अडकला होता सीटच्या मागे, त्यामुळे त्याला पूर्ण ऐकावं लागलं.

मिस्त्रीने चिंधीने हात पुसले आणि म्हणाला, "साहेब, तुमी दुसरा मिस्त्री बघा."

सातवीपासून 'लेका' म्हणणारा माणूस मला साहेब म्हणाला. तेव्हा मला त्यातही संशय आला, की हा गुन्हा लपवायला मान देतोय.

घरी जाताना गाडी विंझरपर्यंत ठणठणत गेली.

पुढच्या बाजाराला भरडलेला तांदूळ आणायला भोरला गेलो. गॅरेजवरून जाताना मान वळवायची नाही असं ठरवलं होतं, पण मान माझ्या विचाराने चालत नाही. गॅरेजबाहेर एक जीप उभी होती. तिचा मालक स्टूल टाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, मिस्त्रीच्या बोटांकडे बघत बसला होता. पलीकडे ट्रॅक्टरवाला उभ्याउभ्या तेच करत होता. पूर्वी माणसं मिस्त्रीकडे गाडी टाकायची आणि निवांत बाजार करायची. संध्याकाळी चावी खिळ्याला टांगलेली मिळायची. आता मिस्त्री नट सोडवत होता आणि सोडवलेला प्रत्येक नट त्या माणसासमोर ओळीने मांडत होता. न सांगता. एक, दोन, तीन.

मी पाय उचलून पुढे गेलो. स्वतःला म्हणालो, लोकांना सावध केलं ते बरंच झालं. पण गिरणी येईपर्यंत दोनदा मागे वळून बघितलं.

गिरणीवर तांदळाची पोती डिकीत टाकली. कोंड्याची दोन होती, तीही कोंबली. निघालो. गिरणीसमोरचा खड्डा आला, मी दात आवळले. काही नाही. कापूरहोळ आलं, काही नाही. विंझरला पोचलो तरी गाडी मुकीच. मी गाडी अंगणात लावून बायकोला हाक मारली.

"गाडी बरी झाली आपोआप!"

"बरं," ती म्हणाली. "पोती आत आणा."

पोती आत आणली आणि नदीपर्यंत चक्कर मारायला गेलो. ठण्! ठण्ठण्!

मी परत आलो. पोती उचलून पुन्हा डिकीत टाकली. नदीपर्यंत गेलो. गप्प. आलो, पोती काढली. गेलो. ठण्! तिसऱ्या वेळी बायको ओसरीवर तांदूळ निवडायला घेऊन बसली होती. शेजारीण कुंपणापाशी आली होती.

"काय हो, भावजींचं काय चाललंय?"

"काय न्हाई," बायको सुपातून मान वर न करता म्हणाली. "ती गाडी पोट भरलं की गप्प बसते आणि रिकामी असली की बोंबलते. ह्यांच्यावर गेलीय."

मी डिकीच्या काठावर बसलो. माझ्या पोत्यांनी गाडी खाली बसवली होती. मिस्त्रीने त्या बसलेल्या गाडीचं माप घेतलं, आणि त्या मापाला आखूड शॉकअप बसले. पोती काढली, गाडी वर उठली, आणि शॉकअप ताणून ताणून टोकाला जाऊन आपटायला लागले. उत्रोलीकर मागे बसला तेव्हा तोच माझं पोतं झाला होता. आणि तो लांब जोड, ज्याच्या मालकाला मी सात पिढ्यांचं बोललो, तोच या गाडीचा होता. सगळ्या गावात मी ज्याच्यावर संशय घेतला नव्हता असा एकच माणूस उरला होता, आणि तो डिकीच्या काठावर बसला होता.

दुसऱ्या दिवशी भोरला गेलो. बाजार नव्हता, गॅरेजमध्ये मिस्त्री एकटाच. मी गाडी लांब लावली आणि चालत गेलो. इतक्या हळू आवाजात मी आयुष्यात बोललो नसेन.

"डिकीत स्टेपनी नव्हती."

मिस्त्री काम करत राहिला.

"भाताची चार पोती होती. तू माप घेतलंस तेव्हा."

त्याचे हात थांबले. तो हसेल असं मला वाटलं होतं. हसला नाही. "मी इचारलं होतं," तो म्हणाला.

"व्हय."

"उघडायला सांगितलं होतं."

"व्हय. चुकलं माझं."

"हे तुमी माझ्या कानात सांगताय," तो म्हणाला. "चोर म्हणताना कुठं उभं होता?"

मी रस्त्याकडे बोट दाखवलं.

"मग तिथं उभं राहून सांगा. बाजाराच्या दिवशी."

बाजाराच्या दिवसापर्यंत मी काय काय विचार केला ते लिहीत नाही. ताप आलाय असं सांगावं, गाडीच विकून टाकावी, एवढंच नाही तर मुंडन करून ओळख बदलावी इथपर्यंत गेलो. शेवटी गाडी आणली, गॅरेजसमोर लावली आणि मिस्त्रीने सांगायच्या आत डिकी उघडून ठेवली. रिकामी. मग रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. मेथीवाली तीच होती. स्टूलवर आज दुसराच कोणीतरी बसला होता, मिस्त्रीच्या बोटांवर डोळे लावून.

"ऐका!" मी ओरडलो. "मिस्त्रीनं माझं काही चोरलं न्हाई! मी डिकीत भाताची पोती लपवली, मी खोटं बोललो, त्यामुळं माप चुकलं! मिस्त्री चोर न्हाई! त्याच्याकडं गाडी टाकून खुशाल बाजार करा!"

मेथीवाली हसली. चारदोन माणसं वळली. स्टूलवरच्या माणसाने माझ्याकडे बघितलं, मिस्त्रीकडे बघितलं, आणि जरा वेळाने उठून पिशवी घेऊन बाजारात गेला.

मी घाम पुसत गॅरेजच्या दारात आलो. मिस्त्री टेप घेऊन माझ्या गाडीखाली सरकत होता.

"झालं," मी म्हणालो. "सांगितलं सगळ्यांना."

"त्या दिवशीचं 'चोर' पुलापर्यंत गेलं होतं," तो गाडीखालून म्हणाला.