दोघींच्या सह्या

जोगेश्वरीतल्या आमच्या बँकेत ती बाई मला दोनदाच दिसली. पहिल्यांदा ती धाकट्या जावेला घेऊन आली होती. दोघी मिळून घरून कोंबडी-वड्यांच्या ऑर्डरी घेत, आणि आता धंद्याचं खातं दोघींच्या नावावर उघडायचं होतं. मी शेजारी नंबराची वाट बघत बसलो होतो. काहीही वाचण्याआधी चष्मा काढून पदराला पुसायची तिची सवय होती. तेवढा वेळ काउंटरवरचा तरुण साहेब निमूट थांबायचा.

"मावशी, कुणाही एकीच्या सहीवर पैसे निघतील असं ठेवू? सोपं पडतं."

"नको. दोघींच्या सह्या लागू देत."

"जावेवर विश्वास नाही का?"

"विश्वास आसा रे बाबा!" ती हसली. "पण आम्ही भांडलो की महिना महिना बोलत नाही. सही लागली तर एका रिक्षातून यावं तरी लागेल ना!"

जावेनं तिला कोपरानं ढोसलं. माझ्या खात्यावर माझी एकट्याची सही चालते. तोवर मला ती सोयच वाटत होती.

गणपतीनंतर त्या पुन्हा दिसल्या. मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून, तोंडं फिरवून बसल्या होत्या. मोठीनं चेकवर सही करून तो धाकटीकडे सरकवला. धाकटी पर्समध्ये चष्मा शोधू लागली, पण तो घरीच राहिला होता. मोठीनं तिच्याकडे न बघताच स्वतःचा चष्मा काढला, पदराला नीट पुसला आणि तिच्यापुढे धरला.

एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर पडल्यावर रिक्षा मात्र एकच केली.