गाळ बसेपर्यंत

आप्पा गेले तेव्हा माझा फोन लॉकरमध्ये होता. सणसवाडीच्या आमच्या कारखान्यात लाइनवर फोन नेऊ देत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर बापूमामांचे नऊ मिस्ड कॉल. बापूमामा म्हणजे इनामगावजवळच्या, आप्पा आम्हाला जिथे डायव्हिंग शिकवायचे त्या विहिरीचे मालक. त्यांनी मला कधी एका दिवसात दोनदा फोन केला नव्हता, त्यामुळे परत फोन लावायच्या आधीच कळलं. "आप्पा गेला गं," ते म्हणाले, "सकाळीच. दौंडच्या दवाखान्यात." आणि मग, "तू येतीस ना?" मी हो म्हणाले आणि पुन्हा लाइनवर जाऊन उभी राहिले. का, ते आजही सांगता येत नाही. तासभर पार्ट तपासत होते, एकही डोळ्यांत शिरला नाही. याला आता सात आठवडे होतील. हे लिहितानाही टेबलाखाली माझा पाय हलतोय. आप्पा असते तर म्हणाले असते, "चुळबुळे, थांब की जरा."

सुदामआप्पा, सगळ्यांचे डायव्हर आप्पा. तरुणपणी धरणांच्या दारांशी आणि जहाजांच्या पोटाखाली काम केलेले, पुढे कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना स्कूबा शिकवणारे. तिथे नवशिक्यांच्या लाथांनी पोवळी मोडताना त्यांनी रोज पाहिली. "लाथ मारणाराला मागं काय मोडलं ते दिसतच न्हाई," हे त्यांचं दुखणं होतं. पन्नाशी उलटल्यावर ते गावी परतले आणि भलतंच काम काढलं. किनाऱ्यावर डायव्हिंगच्या नोकऱ्या आहेत, तिथे आपल्याकडच्या पोरापोरींनी जावं, पण पाय कसे मारायचे ते शिकून जावं. म्हणून बापूमामांच्या जुन्या दगडी विहिरीत वर्ग! लोक हसले. समुद्र सोडून विहीर कशाला, असं मीही विचारलं होतं. "समुद्रात चुकलं तर लाट झाकती," आप्पा म्हणाले. "विहीर झाकत न्हाई."

मी मूळची खुटबावची. लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून माझ्या सख्ख्या मामानं विहिरीत ढकललं आणि वरून ओरडला, "पाय मार, पाय मार!" आमच्याकडे सगळे असेच शिकतात, आणि जो जास्त पाणी उडवतो तो पट्टीचा पोहणारा. तीच मिजास घेऊन मी आप्पांकडे गेले. पायांत वल्ह्यासारखे रबरी फिन चढवले, पाठीला सिलिंडर, तळाशी पोचले आणि सवयीनं दणकून पाय मारले. दोन मिनिटांत विहिरीचा चहा झाला. स्वतःचा हात दिसेना. वर आले तर आप्पा रागावले नाहीत. पायरीवर बसवलं आणि म्हणाले, "आता बसायचं. गाळ बसेपर्यंत बोलायचं न्हाई." हा त्यांचा नियम होता. ज्यानं गाळ उठवला त्यानं पाणी निवळेपर्यंत पायरीवर गप्प बसायचं, आणि त्याच्याबरोबर आप्पांनीही. पहिल्या दिवशी आम्ही दोघं दुपार उलटेपर्यंत बसलो होतो. मला ती शिक्षा वाटली.

ते फ्रॉग किक शिकवायचे, पण म्हणायचे बेडकाची लाथ. गुडघे दुमडून पाय पाठीमागे उचलायचे, तळवे बाहेर फिरवायचे, पाणी मागे ढकलायचं, खाली नाही. "मार... आन् थांब." मारणं मला पंधरा दिवसांत जमलं. थांबणं जमेना. लाथ मारल्यावर पाणी तुम्हाला आपसूक पुढे नेतं, तेवढा वेळ काहीच करायचं नसतं, आणि काहीच न करणं माझ्या पायांना ठाऊकच नव्हतं. पाण्यात उतरायच्या आधी ते विहिरीतल्या घरमालकांची ओळख करून द्यायचे. कपारीतला खंड्या, दोन कासवं, तळाच्या चिखलात अर्धे रुतलेले शिंपले. "आपण भाडेकरू. सणसवाडीत खोलीमालकाचं किती ऐकता? मग हितं बी ऐका." इनामगावच्या टेकाडावर पुरातन वस्तीच्या खोदकामाला आलेली माणसं ब्रशनं हलकेच माती उचलायची, लहानपणी आप्पांनी ते पाहिलं होतं; तळाशी तसंच वागायचं, म्हणायचे. आणि एकदा, अगदी सहज, म्हणाले होते की त्यांच्या आज्याला याच विहिरीच्या काठापासून लांब घागर ठेवून उभं राहावं लागायचं, कुणी पाणी ओतेल तोवर. बापूमामा तिथेच होते. बराच वेळ खाली बघत राहिले.

बापूमामांच्या पंपाला ऑटो स्टार्टर आहे, लाइट आली की पंप आपोआप सुरू होतो. शेतीपंपाची थ्री-फेज लाइट आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यातल्या रविवारी आमचा वर्ग. तरीही कुणी पाण्यात उतरायच्या आधी बापूमामा स्वतःच्या हातानं स्टार्टरचे फ्यूज काढून आप्पांना देत. आप्पा ते एका निळ्या झाकणाच्या डबीत घालून डबी कमरेला बांधत आणि तसेच पाण्यात जात. "मामावर भरवसा हाय," म्हणत, "लाइटीवर न्हाई." संध्याकाळी पाणी निवळलं की फ्यूज परत.

आता जे सांगायचंय ते मी आप्पांनाही कधी सांगितलं नाही. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी सगळ्यांत शेवटी वर आले. तळाशी मीच गाळ उठवला होता. आप्पा वर पोरींचे सिलिंडर उतरवत होते. "बसला का गं गाळ?" त्यांनी विचारलं. मला एसटी गाठायची होती. "बसला," मी म्हणाले. बघितलंसुद्धा नव्हतं. त्यांनी फ्यूज देऊन टाकले. रात्री पंप सुरू झाला, गाळ फिल्टर भरून ठिबकच्या नळ्यांत गेला आणि मामांचा दोन एकर कांदा तहानलेला राहिला. नळ्या मोकळ्या होईपर्यंत मामांनी वर्ग बंद केला. आप्पा म्हणाले, "माझी चूक झाली, मामा. मी बघाय पायजे होतं." पुढचे दोन दिवस ते ओळीओळीनं बसून नळ्यांची टोकं उघडत होते, साफ करत होते. मी रजा टाकून शेजारी बसले होते. एकदाही त्यांनी मला काही विचारलं नाही. त्यांना कळलं होतं, एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटचं भेटले ते दौंडच्या दवाखान्यात. नाकाला नळी, हातात ती रिकामी डबी. पाण्याखाली एवढी वर्षं काढलेला माणूस श्वासासाठी झगडत होता, मला बघवेना. "येत्या रविवारी पोरी येत्याल," ते म्हणाले. "तू घे क्लास." आणि डबी पुढे केली.

"तुम्ही मला पास कुठं केलंय, आप्पा?"

हसले. डबी तशीच पुढे धरलेली. "बघू," मी म्हणाले, "रविवारी शिफ्ट आहे माझी."

शिफ्ट नव्हती.

त्यांनी हात मागे घेतला. चार दिवसांनी लॉकरमध्ये ते नऊ मिस्ड कॉल.

त्यानंतर तीन वेळा रात्रीचा आठवडा आला आणि गेला. मी खोलीत फेऱ्या मारत बसले. चौथ्यांदा सकाळची एसटी पकडली. वर्गातल्या दोन पोरी आणि बिहारचा एक मुलगा आधीच काठावर उभे होते. मी येणार हे त्यांना कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. बापूमामांनी स्टार्टरची पेटी उघडली, फ्यूज काढले, खिशातून निळ्या झाकणाची डबी काढून त्यात घातले. "तुला द्यायला सांगितलं हुतं त्यानं. घ्यायची आसंल तर घे." या वेळी घेतली. कमरेला बांधताना गाठ तीनदा सुटली.

इथे लिहिता आलं असतं की माझे पाय त्या दिवशी शांत झाले. तसं काही झालं नाही. पोरींना बेडकाची लाथ दाखवायला मी पुढे झाले, मारली, आणि थांबायच्या ऐवजी घाईनं दुसरी मारली. तळ ढवळून निघाला. शिंपले दिसेनासे झाले, पोरी दिसेनाशा झाल्या. सगळ्यांना वर आणलं. "मी उठवला," मी सांगितलं. "आता बसायचं. बोलायचं नाही." आणि पायरीवर बसले. तिघं माझ्या शेजारी. ऊन एकेक पायरी सोडत वर गेलं. खंड्या दोनदा येऊन गेला.

दिवस कलताना बापूमामा काठावर आले. "आण फ्यूज. घरी जायाचंय मला. बसला का गाळ?"

माझी एसटी अर्ध्या तासात होती. मी खाली वाकून पाहिलं. नीट, बराच वेळ पाहिलं.

"नाही बसला, मामा. आज लाइट आली तरी पंप नाही चालायचा. फ्यूज देत नाही मी."

मला वाटलं, ओरडतील. त्यांनी पाण्याकडे पाहिलं. चपला काढून चार पायऱ्या उतरले आणि माझ्या शेजारी, आप्पा बसायचे त्या पायरीवर, गप्प बसून राहिले. एसटी गेली. डबी माझ्या कमरेलाच होती.