बुडालेल्या गावातून घरापर्यंत

मोलेफीला मी इतकं बोललेय की माझी मलाच कधीकधी लाज वाटते. आमच्या राजधानीत, मासेरूच्या टॅक्सीतळाजवळ, माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. हा पाण्याचे मीटर वाचायचा. दिवसभर लोकांच्या फाटकाशी उभा, कुत्री अंगावर, आतून कुणीतरी ओरडणार, "वाच आणि चालू लाग!" रविवारी मात्र चर्चलाही न जाता माझ्या दुकानातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर गेम बांधत बसायचा. बायको नाही, पोर नाही. मैत्रीण म्हणावी तर मी, त्याची 'अउसी', म्हणजे ताई, आणि मी ही अशी.

गेम कसला, तर त्याच्या गावातून चालायचं. मारामारी नाही, गुण नाहीत, काही नाही. गाव धरणाखाली गेलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. लोक चार दिशांना पांगले. आई, मामोलेफी, त्याची 'म्मे', माळावरच्या वसाहतीत एकटी राहायची. गुडघे गेलेले. "एकदा ओढ्यापासून घरापर्यंत चालायचंय रे," एवढंच तिचं मागणं. आता पाण्याखाली कोण चालणार? म्हणून तिच्या फोनवर गाव उभं करायचा हा खटाटोप.

उभं करायचं कशात, इथेच घोडं अडलं. गेम बांधायला इंजिन लागतं. डोंगर, उजेड, पावलं, सगळं त्यातूनच घडवायचं. पहिल्यांदा त्याने निवडलं ते सगळ्यात भारी. वर्षभर खपून एक डोंगर केला, पण काय डोंगर! गवत हलायचं, ढगाची सावली उतारावरून सरकत जायची. आईच्या फोनवर टाकलं तर फोन तापला आणि बंदच पडला. मग दुसरं इंजिन, पुन्हा ओढ्यापासून सुरुवात. सहा महिन्यांनी तेही आवडेना, कारण पहिल्यातलं गवत आठवायचं. परत पहिलं.

"मेल्या, तुझं नमनालाच घडाभर तेल!" मी म्हटलं. "ते तिसरं, छोटं इंजिन घे की. हलकं आहे, म्हातारीच्या फोनवर पळेल."

"अउसी, त्यात डोंगर पुठ्ठ्याचे दिसतात."

"दिसू देत! आईचे गुडघे पुठ्ठ्याचे झालेत, ते नाही दिसत तुला?"

दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, मुकाट्याने छोटं इंजिन उतरवून घेतलं आणि जुनं सगळं पुसून टाकलं. मला फार वाईट वाटलं. तो हलणारा डोंगर मलाही आवडायचा.

ईस्टरपर्यंत गाव तयार झालं. मीही सोबत गेले. मामोलेफीने अंगावरचं ब्लँकेट सावरलं, फोन नाकाशी धरला आणि ओढ्यापासून निघाली. पहिलं घर शेजारणीचं. तिथे थांबली. "मालिनेओ! बरी आहेस ना गं?" वाट पाहिली. परत हाक दिली. मग फोन लेकाच्या हातात ठेवला.

"चाल की म्मे, पुढे आपलं घर आहे."

"उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ? चोर आहे का मी?"

खरंच होतं तिचं. दारावरून जाणाऱ्याने हाक द्यायची, घरातल्याने 'कुठून आलात, कुठे निघालात' विचारायचं, तेव्हा कुठे पाऊल पुढे टाकायचं. आम्ही असेच वाढलो. आणि हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. मोलेफी पुटपुटला, "असल्या गेममध्ये माणसं नसतात म्मे. एकट्याने फिरायचं, त्यातच मजा असते."

"एकटी तर मी इथे फोनशिवायही असते," म्हातारी म्हणाली.

 परतल्यावर पठ्ठ्याने रजा टाकून सगळ्या वसाहती पालथ्या घातल्या, जुन्या शेजाऱ्यांचे आवाज फोनवर टिपायला. मालिनेओ लेकीकडे सापडली. न्ताते मोखेले, म्हणजे मोखेलेबाबा, त्याच्या तोंडात दात नव्हते, पण त्याने हौसेने तीनदा 'कुठून आलात' म्हणून दाखवलं. अकरा घरं, अकरा आवाज. छोट्या इंजिनात ते बसवायला एक दुपार पुरली. जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, आम्ही पुन्हा गेलो.

या खेपेला फोनमधून मालिनेओने विचारलं, "कुठून आलीस गं, मामोलेफी?"

"ओढ्यावरून! आणि माझी बादली कधी परत देणारेस, भवाने?" म्हातारी खेकसली. रडत, हसत तिने अकरा घरं केली. ताटातला पापा, मक्याचा घट्ट सांजा, गार होऊन गेला. शेवटी स्वतःच्या दाराशी पोचली, कडी वाजवावी तसं "कोको!" म्हणाली आणि बघतच राहिली.

"आत कोण आहे रे?"

"आत तूच ना, म्मे."

"मी तर बाहेर उभी! खुळाच आहेस." ती पोट धरून हसली. "माझाही आवाज घे. कधी तूच चालत आलास तर?"

तो फोन काढत होता. मीच घाई केली. शेवटची टॅक्सी सुटेल, ऊठ, पुढच्या खेपेला घे म्हटलं. ते माझ्या मनातून जात नाही.

ऑगस्टमध्ये बर्फ पडलं त्या आठवड्यात मामोलेफी गेली.

मोलेफी अजून रविवारी येतो. आईचाच फोन घेऊन ओढ्यापासून निघतो. मालिनेओ विचारते, मोखेले बोळक्या तोंडाने विचारतो, हा प्रत्येकाला मोठ्याने सांगतो, "म्मेकडे निघालोय." मग दार येतं. "कोको," म्हणतो आणि थांबतो. मागच्या रविवारी मला राहवलं नाही. काउंटरमागून मीच विचारलं, "कुठून आलास रे बाळा?"

त्याने मान वर केली नाही. "अजून उत्तर आलं नाही, अउसी," म्हणाला आणि दाराशीच उभा राहिला.