वाटायचा डबा

दसरा होऊन गेल्यावर काकूंचा फोन आला. "काका गेले. ताईले घेऊन ये," एवढंच त्या म्हणाल्या. माझ्या आईला त्या ताई म्हणत. अकोल्याहून मी आधी अचलपूरला गेलो, आईला घेतलं आणि अमरावती गाठली.

काका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, वकील होते; पण कॉलनीत ओळखले जात ते हॉलीहॉकच्या फुलांसाठी. ते त्याला गुलखैरा म्हणत. थंडी सरताना त्यांच्या कुंपणालगत पुरुषभर उंचीचे दांडे उभे राहत आणि खालून वर गुलाबी, मरून फुलं उमलत जात. रस्त्याने जाणारा थांबे. काकांना तेच हवं असे. बी मागणाऱ्याला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. अंत्यविधीला आलेले सगळे हेच सांगत होते... दिलदार माणूस, मागेल त्याला बी दिलं. ते कोणाकडेच उगवलं नव्हतं. दोष ज्याने त्याने आपल्या मातीला दिला होता.

आईला ते दरवर्षी आठवणीने बी पाठवत. ती वाफा करी, राख मिसळी, पाणी शिंपडी. कोंब येत नसे. मग दिवाळीला सगळ्या घरासमोर काका विचारत, "काहून वहिनी, यंदाबी नाही? तुमच्या हातालेच गुण नाही. तुमी आपल्या पोळ्या करा." सगळे हसत. पुढे आईने अंगणातली तुळसही शेजारणीकडून लावून घेतली. "माह्या हातानं नको," म्हणाली.

तेराव्यानंतर काकूंनी फडताळातून गुलखैऱ्याच्या बियांचे दोन डबे काढले. एक घरी ठेवायचा, एक लोकांना वाटायचा.

"वाटायचं बी मलेच भाजायले लावत," त्या म्हणाल्या. "मंद आचेवर. रंग बदलला का वरडत."

आईने काकूंकडे पाहिलं. "अन् तू भाजत होती," ती म्हणाली.

काकूंनी चांगल्या बियांचा डबा तिच्यापुढे सरकवला. आईने तो घेतला. त्यांच्या हातचा चहा मात्र घेतला नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं, असा आमच्या वर्तमानपत्राच्या धंद्यातला प्रघात आहे. काकांची फुलं सुंदर होती. ते लिहून झालं.

अचलपूरच्या अंगणात आता गोल पानांची रोपं वर आली आहेत. पहिला कोंब दिसला त्या सकाळी आईने तुळशीचं नवं रोप आणलं आणि स्वतः लावलं. वाटायचा डबा मी काकूंकडून मागून आणला; तो माझ्या टेबलावर असतो. हलवला की बिया वाजतात. झाकण उघडून पाहिलं, तर बी अगदी ताजं दिसतं.