सैल सांध्यांची वंदना

त्या उन्हाळ्यात माझा विश्वास पार ढासळला होता. बुद्धावरचा की स्वतःच्या शरीरावरचा, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. आमचं घर जबलपूरच्या घमापुरात, आणि मी जवळच्याच शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिताना खांदा निसटायचा, जिना उतरताना गुडघा उलटा मागे जायचा, आणि संध्याकाळी कंबर अशी ठणकायची की पोळ्या लाटायला उभं राहवत नसे. एक्स-रे दरवेळी स्वच्छ यायचा. थोडा योगा करा, असं सगळे सांगायचे. वाकणं मला लहानपणापासून सोपं, म्हणून मी हौसेने वाकायची, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येत नसे. वस्तीतल्या विहाराचं महिला मंडळ माझ्या आईने उभं केलेलं. तिला हे दुखणं कळत नव्हतं. "रिपोर्ट तर सगळे चांगले आहेत, मग तू काहून बसून राहते?" असं ती विचारायची.

एका रविवारी विहारात गुडघे, तळहात आणि कपाळ टेकवून प्रणाम करताना माझ्या उजव्या खांद्यावर भार आला आणि तो जागचा सरकला. मी कुशीवर कलंडले. बायका धावल्या. एकीने मला उठवायला हात धरला, तोच दारातून आवाज आला, "हाथ मत खींचिए, दीदी. कुणी ओढू नका." एक अनोळखी बाई चपला काढून आत आली. कुणाचं तरी घर शोधताना ती गल्ली चुकली होती आणि पाणी मागायला आमच्या दारात थांबली होती. तिने माझ्या कोपराखाली तळहात धरला, हात पोटाशी टेकवला आणि म्हणाली, "श्वास सोडा. आपल्याला काही घाई नाही." थोड्या वेळाने आखडलेले स्नायू सैलावले आणि खांदा आपोआप जागेवर बसला.

ती फिजिओथेरपिस्ट होती. नवरा सैन्यात, नुकतीच बदली होऊन दोघं जबलपूरला आलेली. तिने विचारलं, "तुमचा अंगठा मनगटाला टेकतो का हो?" मी डाव्या हाताने टेकवून दाखवला. ती हसली नाही. "हे आता कुणाला करून दाखवायचं नाही. तुमचे सांधे गरजेपेक्षा सैल असावेत. दुखणं खरं आहे तुमचं." इतक्या वर्षांत हे शेवटचं वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मी तिथेच रडले, आणि बायकांत उभी असलेली आई माझ्याजवळ येऊन बसली.

तिच्याच आग्रहाने मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासून सांध्यांच्या या अति सैलपणाचं हायपरमोबिलिटी हे नाव सांगितलं. मग ती मला शिकवू लागली. माझ्या शरीराला ताण नको होता, आधार हवा होता. उभं राहताना गुडघे मागे ढकलायचे नाहीत. भिंतीला हात टेकवून हलकेच रेटायचं. खुर्चीवरून सावकाश उठायचं, सावकाश बसायचं, आणि सांधा जिथवर जातो त्याच्या बराच आधी थांबायचं. हे थांबणं मला सगळ्यात जड गेलं. जरा बरं वाटलं की मी जास्त करायची आणि पुन्हा आडवी व्हायची. वैतागून एकदा मी तिला म्हटलं, "मी सोडूनच देते हे." ती म्हणाली, "सोडू नका, कमी करा. आज जेवढं शरीर देतंय तेवढंच घ्या." बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाणारं त्रिशरण रोज म्हणणारी मी, शरण जाणं म्हणजे अंग टाकून देणं, असंच समजत होते. भिंतीपाशी उभी राहून, इवल्याशा हालचाली करता करता, मला त्याचा खरा अर्थ उमगत गेला: जेवढं आहे तेवढं मान्य करून त्याच्याच आधाराने उभं राहणं.

पुढे तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती गेली. पुढच्या बुद्धपौर्णिमेला मंडळाने मला सगळ्यांपुढे वंदना घ्यायला सांगितलं. मी सरळ खुर्ची मागितली. "भगवानांसमोर खुर्चीवर?" एक वयस्कर काकू कुजबुजल्या. मी काही बोलायच्या आत आई उठली. तिने आणखी एक खुर्ची आणून माझ्या शेजारी ठेवली, त्यावर बसली आणि काकूंना म्हणाली, "माझी पोरगी आहे. तिला दुखते, तरी ती रोज मेहनत करून राहिली. चलो, वंदना सुरू करा."

वंदना झाली. मी कशाचाही आधार न घेता खुर्चीवरून उठले, गुडघे किंचित सैल ठेवून उभी राहिले आणि मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. खांदा जागच्या जागी होता. दुखणं गेलेलं नाही, ते जाईल असंही मला कुणी सांगितलेलं नाही. पण त्या क्षणी मला स्वतःचा जो अभिमान वाटला, तो याआधी कधी वाटला नव्हता. ती बाई त्या रविवारी, नेमक्या त्याच वेळी आमच्या गल्लीत कशी आली, याचा शोध मी घेत नाही. मी फक्त हात जोडते. माझ्या शरीराची जी हद्द आहे ती मी आता मान्य केली आहे, आणि त्या हद्दीच्या आत मी ताठ उभी आहे.